अकराशे ऐंशी आणि चौदा

धाकटी नव्या पायावर खोलीभर फिरत होती. खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून पुन्हा खिडकीपर्यंत, आणि प्रत्येक फेरीला थोरल्या बहिणीकडे बघत होती, कौतुकाची वसुली करायला आल्यासारखी.

"ताई, उचलून तर बघ एकदा. जुना पाय म्हणजे दगड होता गं. सहा वर्षं दगड ओढला मी."

सहा वर्षांपूर्वी एका गोदामाबाहेर मागे येणाऱ्या ट्रकने धाकटीचा उजवा पाय गुडघ्याखाली चिरडला होता. तेव्हापासून पोलादी नळीचा पाय. दिवसभर पाचवीच्या वर्गापुढे उभं राहायचं, घरी आल्यावर पाय काढून भिंतीला टेकवायचा आणि उरलेल्या पायाच्या टोकावरची सोललेली कातडी ओल्या फडक्याने टिपायची. थोरलीने हे सगळं पाहिलेलं होतं, टिपायला मदतही केली होती. त्यामुळे आज तिलाही आनंद झाला होता. पायाबरोबर मिळालेलं घडीचं पत्रक तिने सहज उघडेपर्यंत.

पत्रकावर तिच्याच धातुसंशोधन संस्थेचं नाव होतं. पाच धातूंचा नवा, हलका मिश्रधातू. खाली ठळक अक्षरात दोन आकडे. ताकद अकराशे ऐंशी मेगापास्कल. तन्यता चौदा टक्के. त्याखाली 'चाचणी केली' असं लिहून एक सही. सही तिची होती.

संस्थेत तिला सगळे मोडबाई म्हणत. कुणी टाकून बोलायचं म्हणून नाही, तिचं कामच ते. चोवीस वर्षं ती धातूचे नमुने टेन्साइल मशीनच्या जबड्यांत धरून ओढत आली होती, तुटेपर्यंत. किती जोर लावल्यावर तुकडा हार मानतो ती त्याची ताकद. तुटण्याआधी किती लांब होतो ती त्याची तन्यता. चांगला तुकडा तुटण्याआधी सूचना देतो, मधोमध त्याची कंबर बारीक होत जाते. ठिसूळ तुकडा काही सांगत नाही. आत्ता होता, आत्ता नाही. ती नव्या मुलांना सांगायची, ताकद आणि तन्यता या एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या जावा आहेत, एकीला वर चढवलं की दुसरी रुसून बसते. दोघींना एका घरात नांदवणं यातच सगळं शहाणपण.

आणि हे दोन आकडे एका घरचे नव्हते. अकराशे ऐंशी तिने मोजले होते. चौदाही तिनेच मोजले होते. पण एकाच तुकड्यावर नाही, एकाच घाणीवरही नाही. भट्टीतून एका वेळी निघणाऱ्या धातूला संस्थेत घाण म्हणत.

"पाय काढ," ती म्हणाली.

धाकटीला वाटलं, ताईला हातात घेऊन बघायचाय. ती हसत खुर्चीवर बसली. "सांभाळून हं. नवा आहे."

"बघायला नाही. काढ आणि जुना घाल. उद्या मी चौकशी करते. तोवर यावर उभी राहू नकोस."

धाकटीचं हसू तिथेच थांबलं. मोडबाईने समजावून सांगायचा प्रयत्न केला, पण राग आला की तिला सलग बोलता येत नसे. सातवी घाण, नववी घाण, ठिसूळ, सही, असे सुटे शब्द तोंडातून पडत गेले आणि धाकटीला त्यातलं एवढंच कळलं की आपल्या आनंदात माती कालवायला ही आलीये.

"डॉक्टरांनी बसवलाय. तुमच्या साहेबांनी दिलाय. एवढी मोठी माणसं चुकली आणि तू तेवढी बरोबर?"

"आकडे माझे आहेत."

"आणि पाय माझा आहे." धाकटी उठून उभी राहिली, मुद्दाम, नव्या पायावर सगळा भार टाकून. "तुला दोन आहेत ताई. तू मला शिकवू नकोस."

मोडबाई पत्रक घेऊन घरी गेली. जेवताना नवरा काहीतरी सांगत होता. त्यातलं तिला अवाक्षर कळलं नाही.

सकाळी कुणी यायच्या आत तिने चाचणी खोली उघडली आणि नोंदवही काढली. संस्थेत सगळं संगणकावर असायचं, पण ती प्रत्येक नमुना हातानेही लिहून ठेवत असे. याबद्दल तिची थट्टा होई. सातवी घाण, बारा नमुने, ताकद सरासरी अकराशे ऐंशी, तन्यता दीड टक्का. शेऱ्यात तिने लिहिलं होतं: सूचना न देता तुटतो, तुटलेली बाजू सपाट, चकचकीत. नववी घाण, बारा नमुने, ताकद नऊशे साठ, तन्यता चौदा. शेरा: छान कंबर काढतो.

दोन अहवाल होते. दोन्हींवर तिची सही होती. कुणीतरी एकाचं डोकं आणि दुसऱ्याचं धड घेऊन एक माणूस बनवला होता.

ती वही बगलेत मारून खाली भट्टीकडे गेली. भट्टी सांभाळणाऱ्याला सगळे बुवा म्हणत. धातू ओतण्यात त्याचा हात धरणारा दुसरा कुणी नव्हता. या मिश्रधातूचं गणित बुवाने तिला एकदा फार सोप्या शब्दांत सांगितलं होतं. नेहमीच्या धातूत एक जण यजमान, बाकीचे पाहुणे. इथे ॲल्युमिनियम, टायटॅनियम, व्हॅनेडियम, निओबियम, झिर्कोनियम, पाचही जण घरमालक. सगळे सगळ्यांच्या वाटेत येतात, म्हणून आत काही सरकत नाही, म्हणून ताकद. पण फारच अडवाअडवी झाली की घरच फुटतं. बुवाने त्यावर उपाय शोधला होता. सळी गरम लाटायची, मग ठरावीक आचेवर तासभर ठेवायची आणि पाण्यात बुडवायची. आतले मोठे कण थोडे राहतात, लहान थोडे होतात, आणि धातू जरा दम खायला शिकतो. ती नववी घाण.

"बुवा, दवाखान्यात गेलेल्या नळ्या कुठल्या घाणीच्या?"

बुवा चिमटे पुसत होता. पुसतच राहिला.

"बुवा."

"सातव्या," तो म्हणाला. "ओतलेली सळी तशीच कोरली. लाटायची नाही म्हणाले. प्रमुख म्हणाले, नऊशे साठ कोण छापतं? नऊशे साठ तर टायटॅनियमचा नेहमीचा मिश्रधातूही देतो. मला वाटलं, अकरा नळ्या प्रदर्शनात ठेवायला हव्यात."

"अकरा नळ्या? प्रदर्शनात?"

बुवाने चिमटे भिंतीवर टांगले.

"तुमच्या हाताने केल्या ना? मग तोंडात काय मूग होते?"

"बाई, मला निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत."

"माझ्या बहिणीला आयुष्य राहिलंय," ती म्हणाली आणि जिना चढून वर गेली.

विभागप्रमुखांच्या खोलीत नेहमी थंडगार असायचं. ते मोठ्याने कधी बोलत नसत. कुणी रागावून आत आलं की आधी बसा म्हणत, मग पाणी मागवत, आणि पाणी येईपर्यंत समोरच्याचा राग निम्मा झालेला असे. मोडबाई बसली नाही. तिने पत्रक आणि वही टेबलावर शेजारी शेजारी ठेवली.

प्रमुखांनी दोन्ही पाहिलं. चेहऱ्यावरची रेष हलली नाही.

"पत्रकात 'पर्यंत' हा शब्द राहून गेलाय बहुतेक. तन्यता चौदा टक्क्यांपर्यंत. या कुळातल्या धातूंची. छपाईतली चूक. आपण दुरुस्त करू."

"नळी सातव्या घाणीची आहे. तिची तन्यता दीड आहे."

"बाई, माणसाचं वजन किती असतं? ही नळी त्याच्या कित्येक पट पेलते. तुम्हीच मोजलंय."

"माणूस पाय घालून पुतळ्यासारखा उभा राहत नाही साहेब. तो अडखळतो. पायरी चुकतो. बस सुटेल म्हणून धावतो. आणि नळी घोट्याला स्क्रूने आवळलेली असते. स्क्रूचं टोक जिथे रुतेल तिथून ती तडकणार. तुम्हाला हे मी सांगायला हवंय का?"

"हे पाहा." त्यांनी चष्मा काढला. "आपलं प्रत्येकाचं काम ठरलेलं आहे. मोजायचं काम तुमचं. अर्थ लावायचं आमचं."

मोडबाईच्या डोक्यात तिडीक गेली. चोवीस वर्षांत हे वाक्य तिने वेगवेगळ्या तोंडांतून ऐकलं होतं आणि प्रत्येक वेळी गिळलं होतं. "लावा की अर्थ," ती म्हणाली. "खुशाल लावा. मग खाली तुमची सही करा. माझी कशाला लावली?"

पाण्याचा पेला आला. तो तसाच राहिला.

"तुम्ही दमलेल्या दिसता," प्रमुख म्हणाले. "चार दिवस रजा घ्या. तसंही उद्यापासून चाचणी खोली बंदच ठेवायची आहे. यंत्रांची तपासणी करून घेऊ. कदाचित आकड्यांत काही गडबड तिकडूनच झाली असेल."

म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी. दोष यंत्राचा, आणि यंत्र चालवते कोण, तर ही. ती वही उचलून बाहेर आली.

तिथून ती तडक दवाखान्यात गेली. पाय बसवणारे डॉक्टर तरुण होते, घाईत होते. तिचं म्हणणं त्यांनी उभ्या उभ्याच ऐकून घेतलं. मधे एकदा त्यांची नजर टेबलाच्या खणाकडे गेली. अकरा जणांना पाय बसवलेत, म्हणाले. परत काढून घ्यायचे तर संस्थेचं पत्र हवं. "तुमच्या प्रमुखांनी लेखी द्यावं. मी एका कर्मचाऱ्याच्या सांगण्यावरून लोकांचे पाय कसे काढून घेऊ?"

आता एकच दार उरलं होतं. तिला त्या दारात जायचं नव्हतं. पण चाचणी खोलीची किल्ली फक्त आजच्या दिवसापुरती तिच्याकडे होती.

नव्या पायाची सवय व्हावी म्हणून धाकटीने दोन दिवस रजा काढली होती. दार उघडून तिने बहिणीकडे पाहिलं आणि आत ये म्हटलं नाही.

"भांडायला आली असशील तर मला वेळ नाही."

"डॉक्टर म्हणतात, आधी संस्थेचं पत्र आणा. माझ्याबरोबर चल. तो पाय माझ्यापुढे ठेव. मी हातोडा मारते. टिकला तर मी तुझ्या पायाबद्दल जन्मात शब्द काढणार नाही."

"नवा कोरा पाय तुला मोडायला देऊ?"

"मोडेल असं वाटतंय का तुला?"

हा वार जरा कमरेखालचा होता, हे मोडबाईला बोलता बोलताच कळलं. धाकटी लहानपणापासून अशी होती. हिला कुणी 'तुला जमणार नाही' म्हणायचा अवकाश. तिने ओठ दाबले, आत गेली, पिशवी घेऊन आली.

"चल. पण माझ्या वजनाइतकाच हातोडा. एक पायरी चुकल्याइतका. तुझा राग त्यात घालायचा नाही."

"नाही घालणार."

रस्ताभर धाकटी दोन पावलं पुढे चालत होती, भराभर, आणि खरंच सुरेख चालत होती. मागून बघताना मोडबाईला क्षणभर वाटलं की नळी टिकावी. आपण खोटं पडावं, धाकटीने आयुष्यभर टोमणे मारावेत.

चाचणी खोलीत झुलत्या हातोड्याचं यंत्र कोपऱ्यात होतं. लोखंडी दांड्याच्या टोकाला वजन, ते ठरावीक उंचीला नेऊन सोडायचं. धाकटी स्टुलावर बसली, पाय सोडवला आणि बहिणीच्या हातात दिला. मोडबाईने नळी मोकळी केली, जशी घोट्यात बसते तशीच चापात धरली, तोच स्क्रू, तेवढाच आवळून. आवाज ऐकून बुवा खालून वर आला होता. तो दारातच उभा राहिला.

"वजन किती तुझं?"

"एकोणसाठ."

"पायरी?"

"आमच्या शाळेची. वीतभर असेल."

मोडबाईने हिशेब मांडला, धाकटीला दाखवला, आणि हातोडा त्या खुणेपर्यंतच उचलला. खूण फार खाली होती. धाकटीला ते दिसलं आणि ती जरा सैल झाली. "एवढाच?" म्हणाली. "एवढ्याने तर अक्रोडसुद्धा..."

हातोडा सुटला. खाटकन आवाज झाला, पाटी फुटावी तसा. नळी चापापाशी तुटली, वरचा भाग यंत्राभोवतीच्या जाळीवर आदळला आणि फरशीवर गोल गोल फिरत स्टुलापाशी येऊन थांबला.

धाकटीने वाकून तुकडा उचलला. तुटलेली बाजू सपाट होती, साखरेच्या दाण्यांसारखी चमकत होती. नळी कुठे वाकली नव्हती. पोचाही आला नव्हता.

तेवढ्यात बुवा खाली गेला आणि हातात दुसरी नळी घेऊन आला. "नवव्या घाणीची," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "मी एक करून ठेवली होती. आपली, कपाटात."

मोडबाईने ती चापात लावली. तीच खूण. हातोडा आदळला, नळीला पोचा आला. तिने खूण दुप्पट केली. नळी वाकली. तिप्पट केली. नळी छत्रीच्या मुठीसारखी वळली, आणि तिच्या अंगावर साधी चीर दिसली नाही.

धाकटी त्या वाकड्या नळीकडे बोट दाखवून बुवाला म्हणाली, "ही तुमच्या कपाटात होती?"

"हो."

"आणि ती माझ्या पायात."

बुवाने मान खाली घातली. धाकटी बहिणीकडे वळली. तिचा आवाज चढला नव्हता, पण मोडबाईला त्याची भीती वाटली. "आणि तू? चोवीस वर्षं सह्या करतेस. तो कागद पुढे कुठे जातो, त्याचं काय होतं, कधी विचारलंस? तो पाय माझा निघाला म्हणून तुला राग आला. दुसऱ्या कुणाचा असता तर पत्रक तरी वाचलं असतंस का?"

मोडबाईने वाचलं नसतं. पत्रकं तिच्या टेबलावर गठ्ठ्याने येत आणि तिने कधी एक उघडलं नव्हतं.

"तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात," धाकटी म्हणाली. "मला एकच तळपाय आहे, तरी पुरतोय बघ." तिने पिशवी पुढे ओढली आणि आतून जुना पोलादी पाय काढला. तो तिने घरून बरोबर आणला होता. धाकटीने पाय चढवला, पट्टे आवळले, तुटलेले दोन्ही तुकडे पिशवीत टाकले. "त्या डॉक्टरला पत्र हवंय ना? देते."

दवाखान्यात मोडबाई तिच्या मागे मागेच होती. डॉक्टर दुसऱ्या रुग्णाला तपासत होते. धाकटीने थांबा म्हणणाऱ्या परिचारिकेला ओलांडलं आणि दोन्ही तुकडे टेबलावर ठेवले. "एका पायरीएवढ्या धक्क्याने. माझ्या डोळ्यांदेखत."

डॉक्टरांनी तुकडा उचलला, तुटलेली बाजू उजेडात धरली. मग हळूच टेबलाचा खण उघडला आणि आतून तसाच एक तुकडा काढून त्याच्या शेजारी ठेवला. तीच सपाट बाजू. तीच चमक.

"हा कुणाचा?" मोडबाईने विचारलं.

"पहिल्या रुग्णाचा. माळीकाम करतात. पाचव्या दिवशी जिन्यात पडले. उजवं मनगट तीन ठिकाणी मोडलंय." डॉक्टरांचा चेहरा उतरला होता. "मी तुमच्या संस्थेला लगेच कळवलं होतं. उत्तर आलं की आम्ही स्क्रू जास्त आवळला. मला वाटलं, माझीच चूक."

"उत्तर कुणी दिलं?"

त्यांनी कागद काढून दाखवला. प्रमुखांची सही. तारीख सोळा दिवसांपूर्वीची. त्यानंतर आणखी सात जणांना पाय बसवले होते. त्यांतला शेवटचा धाकटीचा.

काल रात्रीपासून मोडबाई ज्याला राग म्हणत होती तो राग नव्हताच, असं तिला वाटलं. तो चिडचिडेपणा होता. राग हा होता, आणि तो आश्चर्य वाटावं इतका शांत होता. तिने डॉक्टरांकडून त्या पत्राची प्रत मागून घेतली. डॉक्टर बाकीच्यांना एकेक करून फोन लावू लागले. त्यांचं पहिलं वाक्य ऐकूनच धाकटी बाहेर जाऊन बाकावर बसली.

दुसऱ्या दिवशी मोडबाईने संस्थेच्या नियामक मंडळाकडे तक्रार लिहिली. चार पानं, सोबत नोंदवहीच्या प्रती, डॉक्टरांचं पत्र, प्रमुखांचं उत्तर. साक्षीदार म्हणून दुसरी सही हवी होती. ती बुवाकडे गेली. बुवाने चारही पानं वाचली, दोनदा वाचली, आणि पेन परत केलं.

"नाही जमायचं बाई."

ती बोलायला तोंड उघडणार, इतक्यात त्याने फडताळातून भट्टीची डायरी काढली. कुठल्या दिवशी कुठली घाण, किती आच, कुणाच्या सांगण्यावरून, सगळं त्याच्या वेड्यावाकड्या अक्षरात. "ही घेऊन जा. मी हरवली म्हणून सांगेन."

"म्हणजे आगीत हात घालायचा मी, आणि शेकायचं तुम्ही?"

"तसंच समजा," बुवा म्हणाला. त्याचे डोळे लाल झाले होते, पण भट्टीवाल्याचे डोळे नेहमीच लाल असतात. तिने डायरी घेतली. आभार मानले नाहीत.

चौकशी पाच महिने चालली. मोडबाईला तीनदा बोलावलं. तिन्ही वेळा तिला आधी हे विचारलं की बाहेरच्या व्यक्तीला चाचणी खोलीत कुणाच्या परवानगीने नेलं. उरलेले नऊही पाय परत आले होते, कुणी आणखी पडलं नव्हतं, ही जमेची बाजू. अहवालात लिहून आलं: नोंदींच्या संकलनात त्रुटी आढळली. त्रुटी कुणाची, ते लिहिलं नव्हतं. प्रमुख लांब रजेवर गेले आणि रजेवरूनच दुसऱ्या मोठ्या संस्थेत रुजू झाले, वरच्या पदावर. निरोपाच्या दिवशी त्यांना पुष्पगुच्छ मिळाला. मोडबाईला बदलीचा कागद मिळाला. यंत्राच्या गैरवापराबद्दल, भांडारात. आता ती हातमोजे, बल्ब आणि कागदाची रिमं मोजत असे.

"मोजायचंच काम आहे ना तुमचं," एक जण थट्टेत म्हणाला. तिने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की पुन्हा तो हातमोजे मागायला स्वतः आला नाही, दुसऱ्याला पाठवू लागला.

नव्या प्रमुख बाई आल्या. त्यांनी बुवाची लाटलेली, तापवलेली, पाण्यात बुडवलेली घाण पुन्हा काढायला लावली. नळीची जाडी थोडी वाढवली. ताकद नऊशे साठ, तन्यता चौदा, आणि दोन्ही एकाच तुकड्याचे. दवाखान्याने यावेळी स्वतः सहा नळ्या मोडून पाहिल्या आणि मगच पहिला पाय बसवला. धाकटीचा नंबर चौथा लागला. आधीच्या पायापेक्षा हा शंभरेक ग्रॅमने जड होता. पोलादाच्या मानाने पीसच.

धाकटी त्या पायावर बहिणीकडे आली ती संध्याकाळी, आगाऊ न कळवता. या सगळ्या काळात दोघी कामापुरत्या बोलल्या होत्या. या वेळी तिने फेऱ्या मारल्या नाहीत. बसली, चहा घेतला, भांडाराचं विचारलं.

"त्या जिन्यात पडलेल्या माळीकाकांना भेटलीस का कधी?" तिने मधेच विचारलं.

"नाही."

"मी जाते अधूनमधून. त्यांच्या मनगटात धातूची पट्टी घातलीये. कात्री धरता येत नाही." कप ठेवून ती उठली. "पत्ता लिहून देते. जायचं की नाही ते तू बघ."

रविवारी मोडबाई गेली. तिसऱ्या मजल्यावरची खोली, दाराबाहेर कुंड्यांची रांग, रोपं वेडीवाकडी वाढलेली, बरेच दिवस कुणी छाटली नव्हती. दार साठीच्या माणसाने उघडलं. त्यांनी जुनाच पोलादी पाय लावला होता. नव्या यादीत त्यांनी नाव द्यायला नकार दिला होता, हे तिला नंतर कळलं. त्यांनी उजवा हात पोटाशी धरला होता.

तिने आपण कोण ते सांगितलं. संस्थेचं नाव ऐकून त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी आत बोलावलं नाही.

"पत्रकावर सही होती. ती तुमचीच का?"

"माझीच," ती म्हणाली. तिच्याजवळ पुढचं सगळं तयार होतं: दोन अहवाल, डोकं एकाचं नि धड दुसऱ्याचं, तक्रार, बदली. ती त्यातलं काही बोलली नाही.

मग ते बोलले. जवळजवळ पाव तास, उंबऱ्यात उभे राहून. मनगटाबद्दल, चाळीस वर्षं बागकाम केलेल्या हातांबद्दल, बागेच्या मालकाने दुसरा माणूस ठेवला त्याबद्दल, डॉक्टरांना आपण वाटेल ते बोललो आणि त्यांचा दोष नव्हता त्याबद्दल. त्यांच्या आवाजाने शेजारचं दार उघडलं आणि पुन्हा लागलं. मोडबाई ऐकत राहिली. मधे एकदाही मान वळवली नाही. शेवटी त्यांचा श्वास लागला आणि ते थांबले.

"आता कशाला आलात?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही मला बोलाल म्हणून," ती म्हणाली. "त्या सहीने ज्याचं मोडलं, त्याचं मी अजून ऐकून घेतलं नव्हतं."

त्यांचा राग गेला नव्हता. तिचाही नव्हता. मग त्यांनी दार लावलं, आपटलं नाही, नुसतं लावलं. ती पायऱ्या उतरून रस्त्यावर आली आणि बसची वाट न बघता चालू लागली.